लाल पॉलिशचा स्क्रू

श्रीरंग लोहार मूळचा विट्याकडचा गडी. दिल्लीत सरकारी वर्कशॉपात ध्वनियंत्रांचा मेकॅनिक म्हणून छत्तीस वर्षं काढली, आर. के. पुरमच्या क्वार्टरात संसार केला आणि रिटायर झाल्यावर गाझियाबादला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. एका खोलीत तो आणि त्याची बायको कांता, दुसऱ्या खोलीत स्पूलचे सहा टेपरेकॉर्डर. पाहुणा आला की त्यानं मशिनींच्या मधनं वाट काढून निजायचं.

रोज सकाळी आंघोळ उरकली की गडी खोलीत शिरायचा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं हेड पुसायचा. मग एकच ठरलेला सूर भरलेली मापाची टेप लावून काटा जागेवर येतो का बघायचा, नाही आला तर केसभर स्क्रू फिरवायचा. हे सगळं बैजवार झाल्याबिगर गाणं लावायचा नाही. एकदा का सारंगीची एखादी जुनी टेप लावली, की दाराची बेल कोणी बडवली तरी हलायचा नाही.

त्याचं लाडकं मशीन खिडकीजवळचं. त्याच्या चालीचा, म्हणजे टेप फिरायच्या वेगाचा स्क्रू त्यानं बावीस वर्षांपूर्वी बसवला आणि कुणी हलवू नये म्हणून वरनं नखाच्या लाल पॉलिशचा टिपका दिला. बाटली कांताची. ती आल्या-गेल्याला सांगायची, माझ्या नखाला कधी लागली नाही, सगळी त्या सवतीला लागली.

२०१९ साली आर. के. पुरमच्या गणेश मंडळाला पन्नास वर्षं होणार होती. सेक्रेटरी भालचंद्रनं श्रीरंगकडं एक काम दिलं. एक्क्याऐंशीच्या गणपतीत मंडळातल्याच अलकनंदावहिनींनी गायलेल्या भजनांची टेप होती, ती पेन ड्राइव्हवर घालून द्यायची. म्हणजे सगळ्यांच्या फोनवर जाईल. टेप श्रीरंगनंच भरलेली.

या टेपेपायी बाईचं गाणं गेलं होतं. गायली त्या दिवशी मांडव गप्प बसून ऐकत होता. मग दरसाल आरतीच्या आधी ती टेप कर्ण्यावर लागायला लागली आणि पोरांनी तिचं नाव चिमणी पाडलं. आवाज बारीक, पळता, चिरका. माझा आवाज असा नाही, असं ती म्हणाली होती. श्रीरंगनं तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, माणसाला आपला आवाज ऐकवत नाही, मशीन काय खोटं बोलत नाही. तेव्हापासनं बाई मंडळात गायली नाही. नैवेद्याचं बघायची.

पेन ड्राइव्हचं कानावर आलं तशी ती गाझियाबादच्याच वैशाली वसाहतीतनं रिक्षात बाजाची पेटी टाकून आली. हीच पेटी त्या दिवशी वाजली होती. चपला काढता काढता म्हणाली, "भावजी, टेप लावा. सगळ्यांच्या फोनवर चिमणी जायच्या आधी एकदा मला बघू द्या."

श्रीरंगनं खिडकीजवळच्या मशिनीवर लावली. बाईनं पेटीवर पांढरी पाच दाबली, या पट्टीत मी गायले म्हणाली. टेप अख्खी पट्टी वर, काळी चारमध्ये किंचाळत होती.

श्रीरंग म्हणाला, "पेटी उतरली असंल, वैनी. चाळीस वर्षं झाली."

"उतरली तर एखादा सूर उतरेल. सगळे एका मापानं उतरतात होय?"

"माझं मशीन बराबर हाय."

"बिल्कुल असेल. मग टेप कुणी भरली?"

आतनं कांता हसली. श्रीरंगनं मापाचं यंत्र काढलं, पेटीचा सूर मोजला, टेपेचा मोजला. पेटी जागच्या जागी होती. टेप शंभराला सहा पुढं.

मग गडी खाली बसला. शंभराला सहा म्हणजे पन्नासाला तीन. त्या दिवशी मांडवात वीज गेली होती आणि भाड्याचा जनरेटर लावला होता. लाइटिंगच्या माळांचा भार पडल्यावर तो घाटातल्या बैलागत धापा टाकत होता, दिवे पिवळे पडले होते. श्रीरंगचं तेव्हाचं मशीन विजेच्या ठोक्यावर फिरणारं. सेकंदाला पन्नास ठोके पाहिजेत, जनरेटर देत होता सत्तेचाळीस. टेप हळू फिरत भरली गेली. घरच्या विजेवर लावली की पळायला लागली. जनरेटरचा ठोका मोजायचं यंत्र त्या दिवशी त्याच्या पिशवीतच होतं. काढलं नव्हतं.

त्यानं हे सगळं बाईला सांगितलं, पिशवीतल्या यंत्रासकट.

श्रीरंगनं बारीक पेचकस घेतला. लाल टिपका खरवडला, त्याचा चुरा मशिनीवर पडला. कांता दारात येऊन बघत राहिली, पण या वेळी टोमणा मारला नाही. स्क्रू फिरवत फिरवत त्यानं टेप पेटीच्या पट्टीवर आणली. आवाज खाली आला, रुंद झाला. भजन सावकाश चालायला लागलं, दोन ओळींच्या मधला श्वास ऐकू आला.

बाईनं एक भजन पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "हाच. आता हे मंडळात तुम्ही सांगायचं. तेव्हा सांगितलं होतं तसं, सगळ्यांसमोर."

"सांगतो."

"आणि चहा टाका कुणीतरी."

टेप पेन ड्राइव्हवर गेली. श्रीरंगनं मापाची टेप लावून मशीन परत जागेवर आणलं. स्क्रूवर टिपका द्यायला बाटली उघडली, तर पॉलिश वाळून खडा झालेलं. स्क्रू तसाच उघडा राहू दिला. मग स्पूलच्या खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं : चाल शंभराला सहा हळू ठेवावी. चूक भरणाराची, गाणारीची नव्हे. खाली सही केली, आणि गणपतीत वाचून दाखवायला खोकं पिशवीत घातलं.