शिवेवरचा नारळ आणि तीन रंगांचं कुत्रं

ती घटना आठवली की आजही माझ्या जिभेवर ओल्या खोबऱ्याची चव येते.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच फोन आला, "साहेब, नरडाण्याच्या अलीकडे नवरदेवाच्या गाडीला कोणीतरी मुद्दाम ठोकलंय. हाणामारी होईल, लवकर या." हवालदाराला घेऊन निघालो.

पाहतो तर नवरदेवाच्या कारची डिकी आत गेलेली आणि मागच्या जीपचं बॉनेट वर आलेलं. खरचटलं कोणालाच नव्हतं, फक्त नवरदेवाचं बाशिंग वाकडं झालं होतं. जीप चालवत होता नवरीचा भाऊ, नवरदेवाला घ्यायला आलेला. नवरदेवाचे मामा, ज्यांना सगळे नाना म्हणत, रस्त्यातच गरजत होते, "यानी मुद्दाम ठोकं, साहेब! याले आत टाका. सोयरीक मोडनी!"

भाऊ रडकुंडीला आला होता. तिकडे बहीण हळद लावून बसलेली आणि इकडे त्याच्याच हातून तिचं लग्न मोडायची वेळ आलेली. मला त्या पोराची फार दया आली, पण चौकशी ती चौकशी.

"नाना, तुमच्या गाडीने ब्रेक का मारला?"

"कुत्रं आडवं उनं."

"कोणत्या रंगाचं?"

"काळं."

कारमधल्या तिघांना मी वेगवेगळं घेऊन विचारलं. चालकाचं कुत्रं पांढरं निघालं, नवरदेवाचं तांबडं. इतकी वर्षं जबाब घेतले, पण एवढी रंगीत कुत्री कधी पाहिली नव्हती.

भाऊ म्हणाला, "माले नानासनीच सांगं व्हतं, नवरदेवनी गाडीले चिकटीसन चाल, मधमा मोटरसायकलबी घुसाले नको."

हे मात्र पटलं. आमच्याकडे वऱ्हाडाच्या गाड्या अशाच एकमेकींना नाक लावून जातात. नवरदेवाची गाडी नजरेआड झाली तर जणू नवरदेवच पळून जाणार!

तेवढ्यात हवालदाराने हाक मारली. गावाच्या शिवेवरच्या पाटीखाली ताजी करवंटी आणि ओली माती. मी नानांच्या सदऱ्याकडे पाहिलं. खिसा फुगलेला, वर भिजलेला.

"नाना, खिशात काय शे?"

नानांनी खोबऱ्याची वाटी काढली. शीव ओलांडताना नवरदेवासाठी नारळ फोडायचा, हे त्यांना पाटी दिसल्यावर ऐनवेळी आठवलं होतं. ते ओरडले, चालकाने करकचून ब्रेक मारला आणि जीप आदळली. कमाल म्हणजे धडक बसल्यावरही नानांनी आधी नारळ फोडला, मग भांडण काढलं.

मी भावालाही सोडलं नाही. "पुढची गाडी कशालाही थांबेल, कुत्र्याला नाहीतर नारळाला. आपली गाडी थांबेल एवढी जागा पुढे ठेवणं तुझं काम. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की सावकाश एक, दोन, तीन म्हण. तू त्या झाडापाशी त्यानंतरच पोचला पाहिजेस."

मग नानांकडे वळलो. "जबाबात कुत्रं लिहू, की नारळ?"

नानांनी वाटीतला तुकडा मोडून भावाच्या हातावर ठेवला. "ले, परसाद शे. चाल आते, तुनी बहीन वाट देखी ऱ्हायनी."

पोराला हुंदकाच फुटला. तक्रार कोणाचीच उरली नाही. स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि वऱ्हाड सोडलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. आपल्या माणसाच्या मागे गाडी चालवताना आपण सगळ्यात बेफिकीर असतो. पुढचा आपलाच आहे, तो कसला थांबतोय, असं धरून चालतो.

त्या प्रकरणातला एकमेव मुद्देमाल मात्र वऱ्हाडाने माझ्यादेखत खाऊन टाकला. एक तुकडा मीही खाल्ला.