जावयाची रेल्वे कंपनी

दिवाळसणाला जावई येतो तेव्हा सासूचं अर्धं लक्ष चकलीकडं असतं आणि अर्धं जावयाच्या तोंडाकडं. माझं त्या वर्षी सगळंच तोंडाकडं होतं, त्यामुळं दोन घाणे करपले. कारण काय, तर लेकीला एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. केमिस्ट्री शिकलेली पोर. हंगाम दिवाळी झाली की सुरू होणार, आणि येते का नाही हे सोमवारी कळवायचं होतं. तिच्या सासूबाईंना सुनेनं दिवसपाळी-रात्रपाळीची नोकरी करणं पसंत नव्हतं. जावई हो म्हणत नव्हते की नाही. नुसतं 'बघू' म्हणायचे. रात्री जेवायला बसलो की आपण सगळ्यांनी मिळून विषय काढायचा, असं आमचं ठरलं होतं. तोवर पावण्यांचं मन मोडायचं नाही, एवढंच माझं काम.

जावयांचे इचलकरंजीत कापडाचे माग. पण डोकं खेळात. कुणा दोस्तानं परदेशातनं आणलेला रेल्वेचा खेळ ते मोठ्या हौसेनं घेऊन आले होते. सतरंजीवर पुठ्ठ्याचा हा एवढा नकाशा पसरला. त्यावर रुळांचे तुकडे जोडत गावाला गाव जोडायचं. गावांची नावं कुणाला वाचता येईनात, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी "हे कोल्हापूर, हे मिरज, हे तिकडं लांबचं गारगोटी" असं बारसंच करून टाकलं. गारगोटीला रेल्वे जाताना मी तेवढ्याच दुपारी पाहिली.

प्रत्येकानं एक रेल्वे कंपनी काढायची. पण तिचे शेअर कुणीही घेऊ शकतं, आणि ज्याच्याकडं जास्त शेअर तो तिचा मालक. मला बँक केलं. म्हणजे नोटांचा डबा माझ्या मांडीवर, आणि समोर चौघं: हे, भावजी, लेक आणि जावई.

आमच्याकडं जावयाला ताटात शेवटचा लाडू आग्रहानं वाढतात, तसं ह्यांनी सुरू केलं. पाळी आली की जावयाच्या कंपनीचा शेअर घ्यायचा. स्वतःची कंपनी तशीच पडलेली.

भावजी म्हणाले, "दादा, आपली म्हस उपाशी ठिवून पावण्याच्या म्हशीला पेंड घालतोयस व्हय?"

"मग? जावयाच्या धंद्यात पैसा घालायचा न्हाय तर कुणाच्या?"

लेक म्हणाली, "अण्णा, थांबा. आता आणखी घेऊ नका."

"का ग? तुझ्याच नवऱ्याची हाय की."

मी डोळे वटारले, तशी ती गप्प बसली. ह्यांनी आणखी एक घेतला.

जावयांचा हात मधेच थांबला. त्यांनी आपले शेअर बघितले, ह्यांचे बघितले. मग आपलं इंजिन, कंपनीच्या नोटा, सगळं उचलून ह्यांच्यापुढं सरकवलं. "मामा, कंपनी आता तुमची झाली."

भावजी हसले, पण एकटेच. जावयांचे कान लाल झाले होते. दिवाळसणाला आलेल्या जावयाची कंपनी सासऱ्यानं काढून घेतली! ह्यांचं तोंड बघवेना.

"पावणं, घ्या की परत."

"असं देता येत न्हाय मामा. बाजारात विकायला लागतंय."

"मग विकतो," म्हणून ह्यांनी सगळे शेअर माझ्या डब्यात टाकले. लेक "अहो अण्णा!" म्हणेपर्यंत झालं. शेअर विकले की भाव खाली येतो, हे ह्यांच्या ध्यानात कुठलं? भाव उतरत उतरत पार तळाला गेला. कंपनी जावयांना परत मिळाली, पण शेअर पतंगाच्या कागदाइतके स्वस्त. त्यात खेळात नवी इंजिनं आली की जुनी बाद, तसं त्यांचं इंजिन भंगारात गेलेलं, नवं घ्यायचं तर कंपनीच्या नोटा पुरेनात. नियम असा, की मग मालकानं पदरचे घालायचे. जावयांनी हातातल्या सगळ्या नोटा माझ्या डब्यात ठेवल्या. मला त्या घेववेनात.

"मान दिऊन दिऊन बुडीवलास की रं पावण्याला," भावजी पुटपुटले.

जावई उठले. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "मामी, निघतो आम्ही. उजेड हाय तवर पोचतो."

जेवणाशिवाय! हे हात जोडून उभे. मी "श्रीखंड तरी..." म्हणाले.

लेक मात्र सतरंजीवरनं उठली नाही. "सोमवारी मी कारखान्याला हो कळवणार हाय," ती म्हणाली. "तुमचं काय म्हणणं हाय ते आत्ता सांगा."

"आत्ता? ही काय वेळ हाय?"

"मग कुठली? इथं सगळे तुमचं तोंड बघून खेळले. काय झालं ते दिसतंय न्हवं? मी तसं करणार न्हाय."

वाटलं, झालं, संपलं. जावई दारातच उभे होते. किल्ली या हातातनं त्या हातात. नजर नकाशावर.

"दुपारची पाळी रात्री सुटल्यावर येणार कशी?"

"कारखान्याची गाडी हुपरीपर्यंत सोडती."

"आन् हुपरीपासनं इचलकरंजीला?"

"ते अजून ठरलं न्हाय," लेक म्हणाली.

जावयांनी चप्पल काढली. परत येऊन सतरंजीवर बसले. "हुपरीला मी येत जाईन गाडी घेऊन. आईला दोघांनी मिळून सांगू. ती चिडणार, ते धरून चाल."

ह्यांचे डोळे भरून आले. "पावणं, मी काय म्हणतो, गाडीला पैसं मी..." म्हणत हे पुढं सरकले, तर भावजींनी ह्यांचा हातच धरला.

"दादा, तू आता कायबी दिऊ नगंस."