सशाला सांगितलेलं लंघन

मला जिल्ह्यात सगळे 'बिबट्याचा डॉक्टर' म्हणतात. डॉक्टर वीरभद्र म्हटलं तर चार जण डोकं खाजवतील, बिबट्याचा म्हटलं की शेंबडं पोरगंही घर दाखवील. सत्तावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आणि वनखात्यानं हाक मारली की जीपमध्ये बसून गेलो. विहिरीत पडलेली काळवीटं काढली, तारेत अडकलेल्या लांडग्याचा पाय शिवला, ईट गावच्या शिवारात बिबट्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं. छाती फुगायला एवढं पुरे होतं. आणि माझी फुगलीच, खोटं कशाला बोलू!

गेल्या माघात धाराशिवला माझा सत्कार होता. डोक्याला फेटा बांधत होते, तोच ढोकीच्या बब्रुवान तात्यांचा फोन आला. त्यांच्या म्हशी मीच बघायचो.

"डॉक्टर, आमच्या नातीचा, करिश्माचा ससा काल सांजेपासनं काय खाईना. लेंडीबी टाकली न्हाय. नुसता कोपऱ्यात बसलाय. घिऊन येऊ का?"

मला हसूच आलं. बिबट्याच्या डॉक्टरला सशासाठी फोन! "तात्या, पोट बिघडलं असंल. लंघन घाला एक दिवस. पाण्याशिवाय काय देऊ नका. उद्या मीच येतो."

आपल्याकडं माणसाचं पोट बिघडलं तरी लंघन, बैलाचं बिघडलं तरी लंघन. तेच मी तोंडावर फेकलं. अहो, सशाची आतडी सतत चालती लागतात. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही की ती थंडावतात, पोट फुगतं आणि खेळ खलास. हे मी कॉलेजात शिकलो होतो. अडाणी असतो तर एवढी लाज वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी ढोकीला पोचलो तर ससा मेलेला, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. त्याचं तोंड उघडून बघितलं. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. ह्याला नुसती गाजरं आणि बिस्किटं. दाढा वाढून जिभेत रुतल्या होत्या. आदल्या दिवशी आणला असता तर दाढा घासून, दुखणं थांबवायचं औषध देऊन, पातळ चारा तोंडात सोडून वाचवता आला असता.

मी बोलणार, तेवढ्यात तात्याच म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाय डॉक्टर. ह्या पोरीनंच घात केला. तुम्ही बजावलं हुतं, तरी चोरून कोथिंबीर चारली."

करिश्मा दाराआड उभी होती. पाचवीतली पोर, डोळे रडून सुजलेले. "दोनच काड्या दिल्या," ती म्हणाली. "हळूहळू खाल्ल्या त्यानं. मला वाटलं, भूक लागली असंल."

आणि मी? चहा प्यालो. तात्यांनी सत्काराचं विचारलं, तेही रंगवून सांगितलं. थू तुझ्या जिनगानीवर, वीरभद्रा!

मग मात्र मला चैन पडेना. जो भेटेल त्याला सांगत सुटलो. ससा पाळलाय? वाळलं गवत सदा त्याच्यासमोर पाहिजे. गाजर म्हणजे त्याची मिठाई, तुकडाभरच द्या. कान धरून उचलू नका, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. खायचा थांबला तर उद्याची वाट बघू नका, मला झोपेतनं उठवा. तामलवाडीपर्यंत सांगून आलो. फक्त एका घरी जायला पाय उचलत नव्हते.

दीड महिन्यानं गेलो. सगळं घर अंगणात बसलेलं. उभ्याउभ्याच बोललो, नाहीतर पुन्हा चहा प्यालो असतो. "तात्या, चूक माझी हाय. सशाला उपाशी ठेवायचंच नसतं. पोरीनं दिलं तेच बरोबर होतं."

तात्या खाली बघत म्हणाले, "असू द्या आता."

मला वाटलं, पोरीच्या जिवावरचं ओझं उतरंल. ती जवळ आली. "म्हंजी म्या आणखी दिलं असतं, तर जगला असता?"

दाढांचं कारण पुढं करता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

"तग धरला असता, बाळ. मी येईपर्यंत तरी धरला असता."

"काड्या खाल्ल्यावर तो लई मागत हुता," ती म्हणाली. "पण तुम्ही न्हाय म्हणला हुता, म्हणून म्या जुडी काढून घेतली."