खलनायक विहिरीत पडतो तेव्हा

माझ्या कादंबरीतला खलनायक गावातल्या विहिरींचं पाणी उपसून टँकरनं शहरात विकायचा. वाइटाचा शेवट वाईटच व्हायला हवा, म्हणून शेवटच्या प्रकरणात मी त्याला त्यातल्याच एका विहिरीत बुडवून मारलं. स्वतःवर इतकी खूश झाले की भुईगावला मावशीच्या वाडीत जाऊन तिला ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं.

केळीची सुकी पानं काढता काढता मावशीचा हात थांबला. मला वाटलं, न्याय पोचला.

"मेला तो बरं झालं," ती म्हणाली, "पन विहिरीत कशाला मारलंस? आता ते पानी कोन पिनार?"

"मावशी, ते प्रतीक आहे गं."

"मग तुझं प्रतीक फुगून वर नाय येनार?"

लोकांना साहित्य कळत नाही, असं पुटपुटत मी एव्हरशाईन सिटीतल्या घरी परतले. गेटवर आमच्या इमारतीचा टँकर उभा होता. तो वाड्यांमधल्या विहिरींवरूनच भरून येतो, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र मी बादलीतल्या पाण्याचा वास घेऊन पाहिला.

मग चहासुद्धा न घेता लिहायला बसले आणि त्या नालायकाला दोर टाकून जिवंत वर काढलं.