किती दिसांसाठी

दर मंगळवारी हिर्डोशीकडचा एक माणूस भोरात आमच्या दारात लाकडाची मोळी टाकायचा. उजवा खांदा जरा पडलेला, अंगात पलटणीतला विटका खाकी सदरा. निघताना तो सरळ "जातो" म्हणायचा. आई दर खेपेला टोकायची, "येतो म्हणावं रे बाबा." तो नुसता दोर गुंडाळत राहायचा.

एकदा शाळेत शिकवून आल्यावर मी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. दूरच्या कुठल्याशा मुलखात कत्तली चालल्या होत्या आणि तिथल्या लोकांच्या रक्षणाला परक्या फौजा जाणार होत्या. "सुटले बिचारे," मी म्हणालो, जणू मीच सोडवणार होतो.

मोळी सोडता सोडता त्याने विचारलं, "किती दिसांसाठी?"

मी बातमी पुन्हा चाळली; मुदत कुठेच दिली नव्हती. मग तोच बोलला.

"लढाई सरल्यावर आमाला बी असंच धाडलं हुतं, समिंदरापल्याड. दोन गावांच्या मधी उभं राहायचं. आमी हुतो तवर कुणी कुणाला हात लावला न्हाई. तिथली एक म्हातारी पानी द्यायची. निघताना म्या रोज 'येतो' म्हनायचो, आन् दुसऱ्या दिशी यायचो बी. आपली भाषा न्हाई, पर तेवढं तिला कळाय लागलं. शेवटच्या दिशी बी सवयीनं तेच म्हनलो. ती हसून घरात गेली. आमची गाडी खिंडीत चढली, तवा खाली गाव पेटलं हुतं."

"मागे नाही फिरलात?"

"हुकूम पुढं जायाचा हुता."

त्याने दोर खांद्यावर टाकला. "जातो, मास्तर."

आई दारातच उभी होती. त्या दिवशी तिने टोकलं नाही.