वडणगेकर बाई आणि न ठरलेला स्टो

प्रा. इंदुमती वडणगेकर बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी आपण 'बाईंचे स्टो-संशोधन' या विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा फोन आला. मी लगेच हो म्हणालो, आणि आपण काय कबूल केले ते फोन ठेवल्यावर लक्षात आले. बाईंच्या सहवासात माझी अर्धी हयात गेली, हे खरे आहे. पण लष्करातले जुने स्टो एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे, हे मला अजूनही कळलेले नाही. बाईंचे जाणकार शिष्य पुष्कळ आहेत. त्यांना सोडून हा मान माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला का मिळाला, याचा उलगडा मला झालेला नाही. संपादकांना विचारले तर ते म्हणाले, "तुम्ही बाईंच्या जवळचे की!" जवळ बसल्याने विद्या येत असती, तर बाईंच्या घरचे मांजर आज प्राध्यापक झाले असते.

बाईंची आणि माझी पहिली भेट वारणानगरच्या महाविद्यालयात झाली. मी नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर एक शिक्षिका टेबलावर पितळी स्टो ठेवून बसलेल्या. या कॉलेजात चहाची चांगली सोय दिसते, असे मनात म्हणत मी खुर्ची ओढून समोर बसलो. त्यांनी स्टो उचलला, उलटा केला आणि तळाला भिंग लावले. मी बसूनच राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिले.

"सर, कशाची वाट बघताय?"

"चहाची," मी म्हणालो.

"हा पेटत नाही. मी ह्याचं वय काढतेय."

"मग निघालं का?"

"नाही ना!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या आनंदाने म्हणाल्या, की मी चक्रावलो. एखादी गोष्ट कळली नाही म्हणून खूश होणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. चहा त्या दिवशी मिळालाच नाही.

बाई भौतिकशास्त्र शिकवत आणि उत्तम शिकवत, हे त्यांचे विद्यार्थी या ग्रंथात लिहितीलच. माझ्या वाट्याला स्टो आले आहेत. हा नाद कुठून लागला, असे मी बाईंना अनेकदा विचारले. एकदा त्या म्हणाल्या, माहेरी शेजारी निवृत्त सुभेदार राहत, त्यांच्याकडे पहिला स्टो पाहिला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, जुन्या बाजारात पाऊस लागला म्हणून एका भंगारवाल्याच्या ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या आणि पायाला स्टो लागला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "सर, आठवत नाही." यातले खरे कोणते, हे मला ठरवता आलेले नाही. संपादकांनी वाटेल ते छापावे.

हे स्टो वरवर पाहिले तर सगळे सारखेच. पत्र्याची पेटी, पितळेची टाकी, बाजूला पंप आणि वर बर्नर. पण बाईंच्या शेजारी बसले, की ते भराभर वेगळे व्हायला लागतात. एकाच्या टाकीचा तळ सपाट, तर दुसऱ्याचा किंचित आत गेलेला. एकाचे पाय दुमडतात, तर दुसऱ्याचे काढून ठेवावे लागतात. एकाच्या पंपाची मूठ गोल, दुसऱ्याची चपटी. सरकारी मालावर बाणाची बारीक खूण ठोकलेली असते, आणि ती कुठे ठोकली आहे यावरून स्टो कोणत्या काळातला, हे बाई सांगतात. इथेच माझी गाडी अडते. मला प्रत्येक ओरखडा बाण वाटतो. एकदा मी मोठ्या उत्साहाने बाण दाखवला, तर बाई म्हणाल्या, "सर, तो चिकटलेला केस आहे, तुमचाच असावा."

शाहूपुरीत बाईंच्या घरी, दुकानांच्या वर, माडीवर दोन मांडण्या आहेत. एक 'ठरलेले', दुसरी 'न ठरलेले'. न ठरलेल्यांची मांडणी केव्हाच भरली आहे आणि तिथले स्टो आता खाटेखाली गेले आहेत. नवा पाहुणा ठरलेल्यांपुढे उभा राहून वाहवा करतो. बाई मात्र त्याला दंडाला धरून न ठरलेल्यांपुढे नेतात. "माहीत नाही" हे दोन शब्द बाईंइतक्या अभिमानाने उच्चारणारे विद्वान मला भेटलेले नाहीत. आमच्या मराठी विभागात तर हे शब्द कुणी वापरतच नसे.

खोटे बोलणे बाईंना जमत नाही, याचा मी साक्षीदार आहे. एका खानावळीच्या मालकांनी दर्शनी कपाटात ठेवायला एक स्टो आणला होता. महायुद्धातला म्हणून त्यांनी तो घेतलेला. बाईंनी पाहिला आणि सांगितले, की हा घरगुती वापराचा, पुष्कळ नंतरचा.

"युद्धातला म्हणा की बाई! बोर्ड रंगवून झालाय."

"बोर्ड पुसता येतो," बाई म्हणाल्या.

मालक तणतणत गेले. बोर्ड आजही आहे. बाई आजही तिथे जेवायला जातात, तांबडा रस्सा दोनदा मागून घेतात आणि ताट ठेवणाऱ्या माणसाला दर वेळी न चुकता सांगतात, "बाळा, तो स्टो युद्धातला नाही बरं का." मालक गल्ल्यावर बसून दुसरीकडे बघतात.

त्यांच्या मायेचाही एक प्रसंग सांगतो. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते. बाईंच्या गल्लीत गॅसच्या गाड्या येईनात आणि खालच्या घरांतली माणसे वरच्या मजल्यांवर आली. बाईंनी जपून ठेवलेला रॉकेलचा डबा काढला आणि ठरलेल्यांच्या मांडणीतले स्टो गच्चीच्या पत्र्याखाली ओळीने मांडले. काकडे पेटले, पंप मारले गेले आणि सगळ्या गल्लीला पिठलं-भात मिळाला. मी मदतीला होतो. गर्दी वाढली तेव्हा मी न ठरलेल्यांतला एक उचलून आणला, तर बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "तो नको. जळला तर पुरावा जाईल." पोटात भूक आणि खाली पूर असताना पुरावा कसा सुचतो, हे मला तेव्हा समजले नाही. पण त्या दिवसापासून शेजारणींनी बाईंच्या संग्रहाला भंगार म्हणणे सोडले.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकले आहे, तिच्याकडे येतो.

शाहूवाडीकडचे दोन सख्खे भाऊ बाईंकडे आले. थोरले ज्ञानदेव, धाकटे सर्जेराव. भातशेती करणारे घर. नुकत्याच वाटण्या झाल्या होत्या आणि दोघांमध्ये बोलणे नव्हते. एकाच दिवशी, एकाच कामासाठी, पण वेगवेगळ्या एसटीने ते आले. दोघांच्याही काखेत गोणपाटात गुंडाळलेला एकेक स्टो.

त्यांचे आजोबा लष्करात स्वयंपाकी होते. सुटून आले तेव्हा त्यांनी बरोबर स्टो आणला. खंडेनवमीला घरोघरी हत्यारे पूजतात. या घरात कोयता, विळा यांच्या मधोमध आजोबांचा स्टो बसे. लढाईला गेलेल्या माणसाचे हत्यार तेच, अशी घरच्यांची भावना. पुढे वडिलांनी सुट्या भागांसाठी म्हणून बाजारातून तसाच दिसणारा दुसरा स्टो आणला. पूजेच्या आदल्या दिवशी दोन्ही खोलायचे, एकाच घमेल्यात चिंच आणि राख लावून लखलखीत घासायचे, आणि जो भाग हाताला येईल तो बसवायचा. वर्षानुवर्षे हे चालले. पितळ आरशासारखे झाले आणि त्यावरच्या खुणा धुऊन गेल्या. कोणता आजोबांचा आणि कोणता बाजारातला, हे आता घरात कुणालाच सांगता येत नव्हते. वाटणीत दोघांकडे एकेक गेला. आणि ज्याच्याकडे आजोबांचा स्टो, त्याच्याकडेच घराण्याची पूजा, असे भावकीत ठरले.

"माझाच हाय म्हाताऱ्याचा," ज्ञानदेव म्हणाले. "थोरल्याकडंच आलाय त्यो."

"थोरला हाय म्हून काय स्टोला कळतंय व्हय?" सर्जेराव भिंतीकडे बघून म्हणाले. "बाई, तुमी सांगा. ज्याच्याकडं न्हाय त्यानं म्होरल्या साली पूजंला पावणा म्हून जायचं. आपल्याच घरात पावणा! माझा न्हाय निघाला तर मी काय त्येच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय."

"मी तर अजाबात न्हाय," ज्ञानदेव म्हणाले.

बाईंनी दोन्ही स्टो खोलले. "बर्नर, पंप, पाय, हे सगळं एकमेकांत गेलंय," त्या म्हणाल्या. "टाकी ज्याची, स्टो त्याचा. टाकी बघायला हवी." त्यांनी भिंग लावले आणि फार वेळ पाहिले. मला वाटले, आता नेहमीप्रमाणे "माहीत नाही" म्हणतील आणि चहा टाकतील. पण त्या म्हणाल्या, "अजून ठरलं नाही. पुन्हा या. दोघंही, आणि दोन्ही घेऊन. एकटा आला तर मी बघणार नाही." परक्याची वस्तू बाई कधी ठेवून घेत नाहीत, तेव्हा तेही बरोबरच होते.

मग त्यांनी नियम घालून दिले. चिंच बंद. फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे आणि पुसताना दोघांनी समोर हजर राहायचे. ठरेपर्यंत पूजा त्यांच्या आईच्या खोलीत, आणि दोन्ही स्टो एकाच पाटावर.

"एकाच पाटावर कशाला?" ज्ञानदेवांनी विचारले.

"वेगळे ठेवलेत तर मला तुलना करता येणार नाही."

मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. तरी पाटाचा आणि टाकीच्या वयाचा संबंध काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही. पुन्हा बोलावणे तर त्याहून विचित्र. बाई एक तर ठरवतात, नाही तर माहीत नाही म्हणतात. बोलावून घेणे त्यांच्या रीतीत कधी नव्हते.

भाऊ येत राहिले. आधी वेगवेगळ्या एसटीने, मग एका एसटीत वेगवेगळ्या बाकांवर. हल्ली एकाच मोटारसायकलवर येतात, धाकटे चालवतात आणि थोरले दोन्ही स्टो मांडीवर घेऊन मागे बसतात. जिना चढता चढता त्यांची भांडणे ऐकू येतात, पण ती आता खताची आणि म्हशीच्या दुधाची असतात. वर आले की विचारतात, "ठरलं का न्हाय बाई?" बाई प्रत्येक वेळी नवी शंका काढतात.

गेल्या श्रावणात ते दोघे खाली पानपट्टीवर गेले असताना बाईंनी एका टाकीच्या मानेवरचे कडे काढले. तिथे चिंचेचा हात कधी पोचलाच नव्हता. आतले पितळ मळकट होते आणि त्यावर एक बारीक खूण होती. वर टोक, खाली दोन तिरप्या रेषा. मी वाकून पाहिले तोवर बाईंचा अंगठा तिच्यावर आला होता.

"बाई, बाण?"

"सर, तुम्हाला पोळपाटावरही बाण दिसतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कडे पुन्हा बसवले, चांगले घट्ट. भाऊ वर आले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अजून ठरत नाही. दिवाळी झाली की या. दोघंही."

तेव्हापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला आहे. बोर्ड पुसा म्हणणाऱ्या बाई, खानावळीत जेवायला जाऊन दर वेळी खरे सांगणाऱ्या बाई. त्यांनी आयुष्यात एकदाच सत्य अंगठ्याखाली दाबले का? की तो खरोखरच ओरखडा होता आणि माझे डोळे नेहमीप्रमाणे फसले? दोन्हींपैकी काहीही खरे निघाले तरी माझा त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी होणार नाही. किंबहुना बाई खोटे बोलल्या असतील तर मला त्या अधिकच आवडतील, आणि असे आवडावे की नाही, याचाही माझ्या मनात गोंधळ आहे.

हा ग्रंथ ज्ञानदेव आणि सर्जेराव यांच्या हाती पडेल, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगतो, की माझ्या नजरेवर भरवसा ठेवू नका. आणि ती खूण कोणत्या टाकीवर होती म्हणाल, तर देवाशपथ सांगतो, मला ते दोन्ही स्टो अगदी सारखेच दिसतात.

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला शतायुषी व्हा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बाईंच्या बाबतीत शंभर वर्षे मला थोडी वाटतात. आई अंबाबाईने त्यांना भरभरून आयुष्य द्यावे, गुडघे जिना चढण्याइतके बळकट ठेवावेत, नजर आजच्यासारखीच धारदार आणि अंगठा आजच्यासारखाच हजर ठेवावा. आणि ते दोघे भाऊ म्हातारे होऊन, एकमेकांचा हात धरून, धापा टाकत माडीवर येतील, तेव्हाही बाईंनी भिंग लावून खूप वेळ बघावे आणि सांगावे, की अजून ठरलं नाही, पुन्हा या, दोघंही.