मेलेली बंदूक

बापू कुणाच्याही ओट्यावर चढण्याआधी उजवा हात पुढे करून तळहात उघडायचे. त्यावर तांब्याची एक बारकी टोपी असायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ठासणीच्या बंदुकीत दारू कितीही ठासलेली असो, घोड्याखालची ती टोपी काढून घेतली की बार उडत नाही. "टोपी काढली की बंदूक मेली. मेलेली वस्तू मानसांत आनायला हरकत न्हाई," असं म्हणायचे, टोपी बंडीच्या खिशात टाकायचे आणि मगच वहाणा काढायचे. पौडपासून धरणाच्या पाण्यापर्यंत सगळा मुलूख त्यांना टोपीबापू म्हणून ओळखायचा.

पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी पौडला दवाखाना काढला. बापू माझ्याकडे दम्यासाठी यायचे. औषध अर्धं घ्यायचे आणि अर्धं घरी ताकात ओतायचे, असा मला दाट संशय आहे. त्यांच्यापायी मला शिकारीचा नाद लागला. वारा कुठून येतो ते बघायचं, कारवीच्या रानात पाय कसा टाकायचा, हे सगळं त्यांचंच शिक्षण. मी तेव्हा तापट होतो, एका जागी ठरायचो नाही. "डाक्तर, डुकराला तुमची पाटी वाचता येत न्हाई, गप बसा," असं त्यांनी मला चारचौघांत ऐकवलेलं आहे.

त्यांचा एक नियम मात्र कुणी मोडू शकत नसे. रान उठवायचा हाका संपला, माणसं एकत्र आली की बंदूक कुणाचीही असो, बापू ती मागून घ्यायचे आणि स्वतःच्या हातानं मारायचे. टोपी काढायची, सगळ्यांना दाखवायची, मग उतरायला लागायचं. एकदा पुण्याचा एक बडा पाहुणा म्हणाला, माझी बंदूक मी सांभाळीन. बापू तिथंच खडकावर बसले. तो पाहुणा बंदूक देईपर्यंत, चांगला तासभर, एकही माणूस डोंगर उतरला नाही.

माझ्याकडे जुनी दुनळी होती, धोंड्यासारखी जड. तिनं चढ चढताना माझे खांदे निघायचे, आणि मी दमल्यावर ती वाहून नेताना बापूंची छाती भात्यासारखी वाजायची. म्हणून डोंगरासाठी हलकी रायफल घ्यायचं मी ठरवलं आणि निवडायला त्यांनाच एस.टी.नं पुण्याला नेलं. दुकानदारानं दोन काढल्या. एक लांब नळीची, लष्करी घाटाची. दुसरी आखूड आणि हलकी. दोन्ही बोल्टच्या. म्हणजे मूठ मागे ओढून पुढे ढकलली की पोटातल्या पेटीतली एक गोळी नळीत जाते.

बापूंनी कागद बघितला नाही की कंपनी विचारली नाही. एकेक रायफल खांद्याला लावून दुकानाचा जिना तीनदा चढले-उतरले आणि धापा टाकत भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. गिऱ्हाइकं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. जड रायफल नेमाला स्थिर होती, पण तिसऱ्या फेरीला बापूंना कठड्याला धरावं लागलं. हलकीनं दम राखला, पण तिचं तोंड घड्याळाभोवती नाचत होतं. "ही घ्या," हलकीवर हात ठेवून ते म्हणाले. "डोंगरात निम्मी शिकार पाय करत्यात. खांद्यानं पायाचा दम खाऊ नये. हिला दगडावर टेकवून मारा, मंग नाचायची न्हाई."

त्या रायफलीतली आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली. पोटाखाली एक झाकण होतं, त्याची कळ दाबली की पेटीतल्या सगळ्या गोळ्या एकदम हातात पडायच्या. "ही बेस हाय. एका दाबात मेली," ते म्हणाले. दुकानदार त्यांना सांगायला लागला, की आजोबा, झाकण उघडून भागत नाही, नळीत एक गोळी राहते, बोल्टही ओढावा लागतो. बापू तोवर दाराशी जाऊन रस्ता बघत होते. मी दुकानदाराला म्हणालो, मी सांगतो त्यांना. आणि सांगितलं नाही. टोपीबापूंना बंदूक कशी मारायची हे मी शिकवायचं? मला लाज वाटली. ती लाज मला किती महागात पडणार होती, हे तेव्हा कळतं तर त्यांचे पाय धरून सांगितलं असतं.

त्या साली नाचणी पिकायच्या वेळी डुकरांनी वरच्या वाडीची शेतं उलथीपालथी केली. आम्ही सकाळीच हाका घातला. बापूंचा एकुलता एक मुलगा नामदेव हाकेकऱ्यांच्या पुढे होता. पंचविशीतला गडी, हसरा, नुकताच बाप झालेला. मी खिंडीत पाच गोळ्या भरून, बोल्ट ओढून बसलो. डुकरं दुसऱ्याच अंगानं निसटली, एक बार म्हणून झाला नाही. सगळे जमल्यावर बापूंनी नेहमीसारखा हात पुढे केला आणि मी रायफल दिली. त्यांनी झाकणाची कळ दाबली आणि गोळ्यांचा तळहात सगळ्यांपुढे फिरवला.

तळहातावर चार गोळ्या होत्या. मी भरल्या होत्या पाच. चार आहेत हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण मी दमलो होतो, पायात काटा मोडला होता आणि बापूंनी बंदूक मारली म्हणजे मारली.

उतरताना खडकाची एक उभी पायरी लागते. तिथं एकानं आधी उतरायचं, दुसऱ्यानं वरून बंदूक द्यायची, ही वाडीची जुनी पद्धत. मेलेल्या बंदुकीचं तोंड कुठं आहे हे कोण बघतो? नामदेव खाली उतरला, त्यानं हात वर केले. बापूंनी नळी खाली करून रायफल सोडली, नामदेवनं नळी धरून ओढली आणि चाप कारवीच्या खुंटात अडकून बार उडाला.

मी खाली उडी टाकली आणि छातीवरची जखम दोन्ही हातांनी दाबून धरली. उपयोग नाही हे मला पहिल्याच क्षणी कळलं होतं. तरी हात काढले नाहीत, कारण बापू बघत होते. ते वरच बसले होते, उजवी मूठ आवळून. फौजदार आला तेव्हा ती मूठ उघडायला दोन माणसं लागली. आत त्या गोळ्या होत्या.

दुसऱ्याच्या हाती रायफल दिली म्हणून माझा परवाना जाणार, खटला होणार, दवाखान्याला टाळं लागणार, हे दिसतच होतं. पंचनाम्याला बापू म्हणाले, "डाक्तर नगं म्हनत व्हते. मीच हिसकून घेतली." हे धडधडीत खोटं होतं. माझ्यासमोर ते लिहिलं गेलं आणि मी खाली सही केली. भित्रा होतो मी, दुसरं काय? बापूंना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी स्वतःची ठासणीची बंदूक धरणाच्या पाण्यात टाकली. माझी रायफल मी कचेरीत जमा केली ती केलीच.

पुढे सात-आठ वर्षं ते माझ्याकडे औषधाला येत राहिले. ओट्यापाशी थांबायचे, हात उघडायचे नाहीत, तसेच वर यायचे. नामदेवचं नाव आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही.

शेवटच्या दुखण्यात सुनेनं निरोप पाठवला म्हणून मी वाडीवर गेलो. बापू घोंगडीवर पडले होते, श्वास वरवर चालला होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, बापू, त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय.

"चारच व्हत्या," ते म्हणाले. "तुमी बी बघितल्या व्हत्या."

मी कसंबसं विचारलं, मग पंचनाम्याला बोललात का नाही?

"नामा गेला व्हता. तुमच्याकडं लोकं औशिदाला येत्यात. एका बारात दोन घरं कशापायी मारायची?"

मग त्यांनी सवयीनं उजवा हात पुढे केला आणि तळहात उघडला. त्यावर काही नव्हतं. नाडी बघायची म्हणून मी तो हात धरला आणि त्यांच्या सुनेसमोर, नातवासमोर रडलो.